काळ-कामाची गणितं: ठरलेलं काय, बदलतं काय?

प्रश्न: १२ मजूर एक काम १५ दिवसांत संपवतात, तर १८ मजूर किती दिवसांत? मुलगी तिरकस गुणाकार करून साडेबावीस दिवस काढते. वस्तूंच्या किमतीच्या उदाहरणांत याच रीतीने उत्तर बरोबर येतं. मग इथे का चुकतं?

उत्तर: किमतीच्या उदाहरणात एका वस्तूची किंमत ठरलेली असते, म्हणून रक्कम आणि नग यांचा भागाकार बदलत नाही. ते समप्रमाण. इथे ठरलेलं आहे ते एकूण काम, आणि ते मोजायचं मजूर आणि दिवस यांच्या गुणाकाराने: १२ × १५ = १८०. म्हणजे एकट्या मजुराला १८० दिवस लागले असते. तेवढंच काम १८ जणांत वाटलं, की १८० ÷ १८ = १० दिवस. आकडे मांडण्याआधी तिला एवढंच विचारा, ‘मजूर वाढले तर दिवस वाढतील का?’ साडेबावीस हे उत्तर मग तिचं तिलाच खटकेल.

पण ‘एक वाढलं की दुसरं घटतं, म्हणजे व्यस्त प्रमाण’ असं मात्र शिकवू नका. मेणबत्ती जळताना वेळ वाढत जातो, उंची घटत जाते, तरी त्यांचा गुणाकार कायम राहत नाही. मजूर दुप्पट केल्यावर दिवस बरोबर निम्मे होतात, तिप्पट केल्यावर एक तृतीयांश होतात, म्हणून ते व्यस्त प्रमाण. सगळे मजूर सारख्याच वेगाने काम करतात, हे यात गृहीत धरलेलं असतं.

प्रश्न: वेग वेगळे असले तर? अ ला १२ दिवस लागतात, ब ला १८. दोघं मिळून सरासरी १५ दिवस का नाही?

उत्तर: अ एकटा १२ दिवसांत करतो, मदतीला माणूस आल्यावर जास्त दिवस कसे लागतील? दिवसांची बेरीज किंवा सरासरी करायचीच नाही, बेरीज करायची ती रोजच्या कामाची. अपूर्णांक टाळायचे असतील तर १२ आणि १८ चा लसावि ३६ घ्या आणि काम ३६ भागांचं माना. अ रोज ३ भाग करतो, ब २ भाग. मिळून रोज ५, म्हणून ३६ ÷ ५ = ७ १/५ दिवस.

ब ४ दिवसांनी निघून गेला, तर? तोवर २० भाग झाले, १६ उरले. अ ला आणखी ५ १/३ दिवस लागतील. इथे बरीच मुलं उरलेल्या १६ ऐवजी पूर्ण ३६ ला ३ ने भागतात.

प्रश्न: ८ मजूर रोज ६ तास काम करून १० दिवसांत २४० मीटर कुंपण घालतात. १२ मजुरांना रोज ५ तास काम करून ४०० मीटरला किती दिवस लागतील?

उत्तर: इथे कामही बदललं आहे, म्हणून ठरलेली गोष्ट एक मीटरचं काम. ८ × ६ × १० = ४८० मजूर-तासांत २४० मीटर, म्हणजे मीटरला २. ४०० मीटरला ८०० मजूर-तास. नव्या गटाचे रोजचे १२ × ५ = ६०. म्हणून ८०० ÷ ६० = १३ १/३ दिवस, अर्थात १३ दिवस पूर्ण आणि चौदाव्या दिवशी १ तास ४० मिनिटं.