बाबांनी खोडलेली ओळ

“मला प्राण्यांसाठी काम करायचंय, घरचे म्हणतात माणसांची डॉक्टर हो. त्यांना कसं पटवू?” हा प्रश्न घेऊन माझ्याकडे दरवर्षी काही मुलं येतात. उत्तर द्यायच्या आधी मला एक मुलगी हमखास आठवते. ओळख पटेल असं सगळं गाळून तिची गोष्ट सांगते.

सतरा वर्षांची होती. पहिल्या भेटीला आईबाबांसोबत आली आणि दोघांपासून लांबच्या खुर्चीत बसली. बाबा म्हणाले, “मॅडम, प्राणी पाळायला आम्ही कधी नाही म्हटलेलं नाही. पण त्यावर आयुष्यभर पोट भरायचं?” ती म्हणाली, “तुम्हाला नाहीच कळणार.” आईने मधला मार्ग काढला, “आधी डॉक्टर हो, मग प्राण्यांचं काय ते बघ.”

त्या दिवशी माझ्याकडून चूक झाली. मुलीचे भरलेले डोळे पाहून मी बाबांनाच समजावत बसले. ते शांतपणे मान हलवत राहिले आणि पुढच्या भेटीला आले नाहीत. मी बोलले त्यात खोटं काही नव्हतं, पण त्यांचं नीट ऐकून घ्यायच्या आधीच मी बोलून मोकळी झाले होते.

दुसऱ्या भेटीला ती एकटीच आली. मी विचारलं, “हे काम करणाऱ्या माणसाचा साधा मंगळवार कसा जात असेल, सांग बघू.” ती रंगून सांगू लागली. जखमी पिल्लं येतात, ती मलमपट्टी करते, ती बरी होतात, शेपटी हलवत घरी जातात. तिच्या मंगळवारी एकही प्राणी मरत नव्हता. कोणी चावत नव्हतं, लाथ मारत नव्हतं, रात्री दोन वाजता अडलेल्या गाईसाठी बोलावत नव्हतं. प्राणिसंग्रहालयातल्या रक्षकाचा बराचसा दिवस पिंजरे धुण्यात, खाणं तोलून देण्यात आणि नोंदी ठेवण्यात जातो, हे तिला ठाऊक नव्हतं. पशुवैद्यकाला प्राण्यांइतकंच त्यांच्या माणसांशी बोलावं लागतं, हेही नाही. माणसांपासून दूर राहता येईल म्हणून प्राण्यांकडे वळू पाहणारी मुलं मला भेटतात, त्यांना मी हे आवर्जून सांगते.

तिला मी एक काम दिलं. सहा आठवडे, शनिवार-रविवार, पशुवैद्यकीय दवाखान्यात मदतनीस म्हणून जायचं. आधी रेबीजची लस घ्यायची. आणि रोज वहीत एकच गोष्ट लिहायची: आज काय नकोसं वाटलं? आवडलेलं लक्षात राहतंच, त्यासाठी वही लागत नाही.

मग मी बाबांना फोन केला, माफी मागितली आणि एकट्यांना बोलावलं. त्यांना मी डार्विनची हकिगत सांगितली. १८३१ साली चार्ल्स डार्विन २२ वर्षांचा होता. वडील नावाजलेले डॉक्टर. मुलाने वैद्यकीचं शिक्षण अर्धवट सोडलं होतं, आता त्याने धर्मगुरू व्हावं असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात ‘बीगल’ जहाजावर निसर्गाभ्यासक म्हणून जायची संधी चालून आली आणि वडिलांनी नकार दिला. पण एक दार उघडं ठेवलं: एखादा शहाणा माणूस जा म्हणाला, तर मी हो म्हणेन. डार्विनने वडिलांचे आठ आक्षेप कागदावर उतरवले. हा वेडा बेत आहे, तू पुन्हा एकदा पेशा बदलतोयस, नंतर कधीच स्थिर होणार नाहीस, असे. कागद घेऊन तो मामाकडे गेला. मामाने ‘वडील जुन्या विचारांचे आहेत’ असं म्हटलं नाही. एकेका आक्षेपाला क्रमाने, आदराने लेखी उत्तर दिलं. वडिलांनी परवानगी दिली, पुढे खर्चही सोसला.

माझ्या कामात मला याहून उपयोगी गोष्ट सापडलेली नाही. घरात ‘भविष्य’ आणि ‘स्वप्न’ असे दोन मोठे शब्द एकमेकांवर आदळत राहतात आणि त्यांतून काहीच निघत नाही. तेच कागदावर उतरलं की छोटे, उत्तर देता येतील असे प्रश्न होतात. मी बाबांना म्हटलं, “तुम्हीही लिहा. जे खरंच वाटतं तेच.”

त्यांनी सहा मुद्दे लिहून आणले. मी कागद मुलीकडे दिला आणि वाद न घालता, माहिती काढून उत्तरं लिहायला सांगितलं.

‘जनावरांचा डॉक्टर म्हणजे दुय्यम काम’ या मुद्द्यावर तिने शोधून काढलं की संपूर्ण जगातून कायमचे हद्दपार झालेले रोग आजवर फक्त दोन. एक देवी, माणसांचा. दुसरा बुळकांडी, गुराढोरांचा. २०११ साली तो संपल्याचं जाहीर झालं, आणि ज्या रोगाने गोठेच्या गोठे रिकामे केले, उपासमार आणली, तो संपवण्यामागे पशुवैद्यकांची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत होती. आईच्या ‘आधी डॉक्टर हो’ या मुद्द्याला तिने प्रामाणिक उत्तर लिहिलं. असं होऊ शकतं. ऑस्ट्रियाचा शास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ वडिलांच्या इच्छेखातर १९२८ साली डॉक्टर झाला, मग १९३३ मध्ये प्राणिशास्त्रात पीएचडी मिळवली आणि प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी १९७३ चं नोबेल मिळालं. ‘पण त्याने मधल्या काळात प्राणी सोडले नव्हते,’ तिने खाली लिहिलं होतं, ‘आणि मला दोन्हीकडे अर्धी राहायचं नाही.’ पगाराबद्दल दवाखान्यात विचारून तिने सरळ लिहिलं की निवाऱ्यातल्या आणि प्राणिसंग्रहालयातल्या कामात पैसे कमी मिळतात, पशुवैद्यकाला तुलनेने बरे, पण बाबांना अपेक्षित तेवढे सुरुवातीला नाहीत. हे उत्तर वाचून मला तिच्याबद्दल खात्री वाटली. आपल्या बाजूचं नसलेलंही तिने लपवलं नव्हतं.

मग बाबा आणि ती एकत्र आले. उत्तरं वाचूनही बाबांचा चेहरा काही सैल होईना. कागद परत हातात घेतला तेव्हा माझ्या लक्षात आलं, सहाव्या मुद्द्याखाली एक ओळ लिहून गिचमिड करून खोडली होती. मी विचारलं. ते बराच वेळ बोलले नाहीत.

“आमच्याकडे ससा होता,” ते म्हणाले. “तो मेला तेव्हा ही चार दिवस जेवली नाही. आठ वर्षांची होती. तिथे तर रोज मरण. हिला नाही सहन व्हायचं ते.”

इतके दिवस पैशांवरून चाललेलं भांडण मुळात यासाठी होतं. आणि ही भीती अनाठायीही नव्हती. या कामात असाध्य दुखणं झालेल्या प्राण्याला इंजेक्शन देऊन शांतपणे जाऊ द्यावं लागतं. ते वारंवार करताना काम जाणणारी, अनुभवी माणसंही आतून थकतात. ‘तिला होईल सवय’ असं मी म्हणू शकले नाही.

मी मुलीकडे पाहिलं. तिने वही उघडून चौथ्या आठवड्याचं पान बाबांपुढे ठेवलं. एका म्हाताऱ्या कुत्र्याला त्या दिवशी निरोप द्यायचा होता. मालकांना बघवेना, ते बाहेर गेले. खाली ‘नकोसं काय वाटलं’ यापुढे लिहिलं होतं: ‘मालक बाहेर गेले ते.’

“तू थांबलीस?” बाबांनी विचारलं.

“त्याला कोणीतरी जवळ हवं होतं ना. घरी येऊन रडले. तुम्हाला सांगितलं नाही, नाहीतर जाऊ दिलं नसतंत.”

बाबांनी वही मिटली नाही, पुढची पानं वाचत राहिले. त्यांना तिथे आणखी एक गोष्ट दिसली, जी मलाही आधी दिसली नव्हती. नकोशा गोष्टींच्या वहीत ती पुन्हा पुन्हा सूक्ष्मदर्शकाबद्दल लिहीत होती, कारण तिला तिथून उठवलं जाई ते नकोसं वाटे. गोचीड चावलेल्या कुत्र्याच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून त्यात तांबड्या पेशींच्या आत जोडीने बसलेले परजीवी शोधायचे, यात तिचा तास कधी जाई कळत नसे. पिल्लं कुरवाळण्याबद्दल सहा आठवड्यांत एकच ओळ होती.

त्या बैठकीत निर्णय झाला नाही. ठरलं एवढंच की पशुवैद्यकीय आणि वैद्यकीय, दोन्हीकडे अर्ज करायचे, तिने अभ्यासात कुचराई करायची नाही आणि बाबांनी निकाल लागेपर्यंत हा विषय जेवताना काढायचा नाही. आणि एक तिने बाबांना कबूल केलं, रडून आली तर सांगायचं.

आता ती पशुवैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रोगनिदानाकडे वळावं असं तिच्या मनात आहे. पगाराचा मुद्दा अजून सुटलेला नाही. दर सुट्टीत बाबा तो काढतात, आणि ती तेवढ्यात जमवलेली नवी माहिती सांगत बसते.