फार्मासिस्टच्या जागी एआय चालेल का?

गावात मेडिकल सुरू करायचे आहे, नोंदणीकृत फार्मासिस्ट मिळत नाही, तर एआयवर भागेल का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः डी. फार्म. (औषधनिर्माणशास्त्राची पदविका) असून घाटंजी तालुक्यात बारा वर्षांपासून मेडिकल चालवतो. माझ्या मते फार्मासिस्टच्या जागी एआय बसवता येत नाही. असलेल्या एकाच फार्मासिस्टचा वेळ मात्र त्याने पुष्कळ वाचतो.

फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय इतर कोणी देऊ शकत नाही. भाड्याचे सर्टिफिकेट भिंतीला टांगून दुकान चालवणे जसे बेकायदेशीर, तसेच एआयच्या भरवशावर चालवणेही.

कायदा बाजूला ठेवला तरी अडचण उरतेच. मागच्या पावसाळ्यात, बाजाराच्या दिवशी, गर्दीत मी एका चिठ्ठीचा फोटो काढून मोबाईलवरच्या एआयला वाचायला दिला. त्याने क्षणात ‘मेटफॉर्मिन ५००’ असे सांगितले. मी समोरच्या आजोबांना शुगर आहे का म्हणून विचारले, तर ते म्हणाले, ‘‘नाई जी, दोन दिवसांपासून पोट बिघडलं हाये.’’ डॉक्टरांना फोन केल्यावर कळले की औषध मेट्रोनिडाझोल ४०० होते. अक्षर वाईट होते, हे खरे. पण वाचता येत नाही, असे काही त्याने म्हटले नाही.

काउंटरच्या मागचे काम मात्र त्याला खुशाल द्यावे. स्टॉकिस्टची (घाऊक पुरवठादाराची) बिले चढवण्यात माझा रोज रात्री दीड तास जात असे. आता बिलाचा फोटो काढला की औषधाचे नाव, बॅच नंबर, एक्सपायरी आणि दर आपोआप भरले जातात व मी फक्त ताडून पाहतो, कारण इंग्रजी 8 आणि B यांत त्याची अजूनही गफलत होते. तीन महिन्यांत एक्सपायर होणाऱ्या स्ट्रिप्स ते आधीच वेगळ्या दाखवते, त्यामुळे परतीचा माल वेळेत जातो. फवारणीच्या हंगामात ओआरएस आणि खाजेची औषधे किती मागवावीत, याचा अंदाजही बरा येतो. त्यासाठी निदान दोन वर्षांची विक्री सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. शेड्यूल एच१ चे, म्हणजे काही अँटिबायोटिक्ससारख्या कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या विक्रीचे रजिस्टर, जे तीन वर्षे जपावे लागते, ते मात्र मी स्वतःच भरतो.

आपण आधी माणूस शोधा. डी. फार्म. झालेली मुले यवतमाळ-नागपूरला निघून जातात, पण लग्न होऊन गावात आलेल्या सुनांमध्ये डी. फार्म. झालेली एखादी घरी बसून असते. मला माझी सहकारी अशीच मिळाली.