गाठ काढली, तपासायला पाठवलीच नाही: मुदत कुठून मोजायची?

इंदूरमधल्या सुदामा नगरच्या एका ताईंचं पत्र आहे, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (चित्ररथांच्या मिरवणुकीच्या) दुसऱ्या दिवशी लिहिलेलं. त्यांच्या यजमानांच्या पोटरीत वरच्या बाजूला गाठ आली. एप्रिल २०२२ मध्ये घराजवळच्या नर्सिंग होममधल्या डॉक्टरांनी हाताने दाबून पाहिली, ‘चरबीची गाठ आहे’ म्हणाले आणि एक दिवस दाखल करून काढून टाकली. डिसेंबरात त्याच जागी परत फुगलं. त्याच डॉक्टरांनी ‘आतला व्रण घट्ट झालाय’ म्हणून शेक आणि फिजिओथेरपी लिहून दिली. त्यात आठ महिने गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला आणि तो बघून दोघं अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला गेले. टाटा मेमोरियलच्या बायोप्सीचा रिपोर्ट २६ सप्टेंबर २०२३ चा आहे: हाय ग्रेड सॉफ्ट टिश्यू सारकोमा, म्हणजे स्नायू, चरबी अशा मऊ भागांत होणारा आक्रमक कॅन्सर. नोव्हेंबरात पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. त्यानंतर नातेवाइकांच्या मध्यस्थीने पहिले डॉक्टर ‘खर्चाचं बघू’ म्हणत राहिले. आता ताई विचारतात, ऑपरेशनला तीन वर्षं उलटून गेली, केस होईल का? आणि होणार असेल तर पितृपक्ष संपल्यावर, नवरात्रात कागद घेऊन आलं तर चालेल का?

ताई, नवरात्राची वाट पाहू नका. तुमच्या पत्रात बरंच काही आहे, पण तुमची केस जगणार की नाही हे एका तारखेवर ठरणार आहे आणि ती तारीख नवरात्रातच येते आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९. तक्रार करण्याचं कारण ज्या दिवशी घडलं, त्या दिवसापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. कारण घडलं कधी, यावर सगळा वाद होईल. डॉक्टरांचे वकील म्हणतील, एप्रिल २०२२, ऑपरेशनचा दिवस. म्हणजे मुदत एप्रिल २०२४ मध्येच संपली. ते मान्य झालं नाही तर म्हणतील, डिसेंबर २०२२, गाठ परत आली तेव्हा तुम्हाला कळायलाच हवं होतं. म्हणजे डिसेंबर २०२४. दोन्ही हिशेबांनी तुम्ही बाहेर. तुमची केस तिसऱ्या तारखेवरच उभी राहू शकते: २६ सप्टेंबर २०२३, ज्या दिवशी तुमच्या घरात पहिल्यांदा कळलं की ती गाठ चरबीची नव्हती. त्यापासून दोन वर्षं म्हणजे शुक्रवार, २६ सप्टेंबर २०२५. हे पत्र वाचाल तेव्हा तुमच्या हातात जेमतेम दोन आठवडे असतील.

तिसरी तारीख मी मनाने काढलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका महिलेच्या प्रकरणात हे सविस्तर सांगितलं आहे. ती स्वतः नर्स होती. १९९३ च्या ऑपरेशनमध्ये पोटात गॉज (रक्त टिपायचं जाळीदार कापड) राहिला, २००२ मध्ये दुसऱ्या ऑपरेशनात तो निघाला, २००४ मध्ये तिने तक्रार केली. न्यायालय म्हणालं, इजा उघड दिसत असेल तर मुदत त्या दिवसापासून मोजायची. लपलेली असेल तर ती कळली, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळू शकली असती, तेव्हापासून. तत्त्व रुग्णाच्या बाजूचं होतं, तरी ती महिला हरली. नऊ वर्षं पोट दुखत असताना, स्वतः नर्स असून, ती त्या डॉक्टरांकडे परत का गेली नाही, हा प्रश्न तिला भोवला.

तुमचे यजमान परत गेले होते. आठ महिन्यांच्या आत, त्याच डॉक्टरांकडे. तुमची केस यावर उभी आहे, आणि त्याचा पुरावा म्हणजे ती डिसेंबरची चिठ्ठी, जिच्याबद्दल तुम्ही लिहिता की ‘त्यात काहीच नाही, फक्त शेक आणि मालिशचं लिहिलंय’. ताई, त्यातच सगळं आहे! डॉक्टरांच्या लेटरहेडवर, त्यांच्या अक्षरात, तारखेसकट लिहिलेलं आहे की गाठ परत आली आणि त्यांनी तिला व्रण म्हटलं. ज्या माणसाला त्याच्याच डॉक्टराने ‘घाबरण्यासारखं काही नाही’ म्हणून परत पाठवलं, त्याला ग्राहक आयोग कसा विचारेल की तुला त्याच दिवशी का कळलं नाही? विचारलंच तर ती चिठ्ठी उत्तर देईल. ती हरवली तर तुमच्या बोलण्याखेरीज हातात काही उरणार नाही.

तुमच्यावर मला राग येतो तो दीड वर्षाच्या वाटाघाटींमुळे. ‘मामंजी म्हणाले थांबा, डॉक्टर भले माणूस आहेत.’ माझ्याकडे येणाऱ्या अशा पत्रांपैकी निम्म्यांत हे वाक्य असतंच. कुणी तोंडी आश्वासन दिलं म्हणून मुदत थांबत नाही, वाढतही नाही. वकिलाची नोटीस पाठवली तरी वाढत नाही. ग्राहक तक्रारीआधी नोटीस पाठवलीच पाहिजे असंही कायद्यात नाही, तेव्हा ‘आधी नोटीस देऊ, उत्तर येऊ दे’ म्हणून कुणी आणखी पंधरा दिवस खाऊ लागला तर ऐकू नका. कोविडची सूटही काढू नका. न्यायालयाने मुदतीतून वगळलेला काळ २८ फेब्रुवारी २०२२ ला संपला, तुमचं ऑपरेशन त्यानंतरचं.

तुमचा दुसरा निष्काळजीपणा कागदांचा. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायची आणि रुग्णाने मागितली की ७२ तासांत द्यायची. तुमची तीन वर्षं एप्रिल २०२५ मध्ये भरली. त्याआधी एक ओळीचा अर्ज दिला असता तर ‘आम्ही नष्ट केली’ म्हणायला त्यांना जागा राहिली नसती. तरी आज अर्ज द्या, स्पीड पोस्टने, पावती जपून: केसपेपर, संमतीपत्र, ऑपरेशनची नोंद आणि काढलेली गाठ कोणत्या लॅबला पाठवली त्याचा रिपोर्ट. शेवटचं त्यांच्याकडे नसणारच. टाटामध्ये पहिल्या ऑपरेशनच्या स्लाइड आणि ब्लॉक (लॅबने जपलेले गाठीचे नमुने) मागितले तेव्हा तुमच्याकडे द्यायला काही नव्हतं, हे तुम्हीच लिहिलंय.

आता चूक कोणती दाखवायची ते सांगतो, कारण इथे बरेच जण वाट चुकतात. डॉक्टरांनी गाठ ओळखली नाही, एवढ्यावर तक्रार टिकणं अवघड आहे. निदान चुकणं म्हणजे हलगर्जीपणा नव्हे, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा म्हटलंय. सारकोमा मुळात दुर्मिळ आहे, मोठ्या माणसांच्या कॅन्सरपैकी शंभरात एखादा. सामान्य सर्जनला तो आयुष्यात थोडेच वेळा दिसतो. पण नेमकं म्हणूनच वैद्यकशास्त्राने नियम घालून ठेवलाय: पाच सेंटीमीटरपेक्षा मोठी, स्नायूच्या आवरणाखाली खोल असलेली किंवा वाढत जाणारी गाठ दिसली तर आधी एमआरआय, मग जाड सुईने तुकडा काढून तपासणी, आणि ती सुईदेखील अशा जागेतून की पुढे मोठ्या ऑपरेशनमध्ये तिचा मार्ग गाठीसकट काढता यावा. हे न करता गाठ कोरून काढली की तिच्या पेशी आजूबाजूच्या निरोगी भागात पसरतात आणि पुढच्या सर्जनला कितीतरी जास्त भाग काढावा लागतो. हाडांच्या आणि स्नायूंच्या गाठींमध्ये चुकीच्या बायोप्सीचे परिणाम किती महाग पडतात, हे अमेरिकेतले हाडांचे सर्जन हेन्री मॅन्किन यांनी १९८२ आणि पुन्हा १९९६ मध्ये दाखवून दिलं. वाचू शकले असते असे हातपाय त्यापायी कापावे लागल्याची उदाहरणं त्यात आहेत. तुमच्या यजमानांची गाठ पाच सेंटीमीटरची होती का, खोल होती का, हे कागद आल्याशिवाय मी सांगत नाही. ‘लिंबापेक्षा मोठी’ हे तुमचं वर्णन शपथपत्रात घालू, पण त्यावर सगळा भार नको.

भार घालायचा तो दुसऱ्या गोष्टीवर. शरीरातून काढलेली गाठ हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, पाठवायची असते, मग ती चरबीची वाटो की आणखी कशाची. त्याला दुर्मिळ आजाराचं ज्ञान लागत नाही. फॉर्मेलिनची बाटली आणि लॅबचा फॉर्म पुरतो. तुमच्या पत्रातली एक ओळ मी चारदा वाचली: ‘डॉक्टरांनी ट्रेमध्ये दाखवली, पांढरट गुलाबी होती, माशाच्या तुकड्यासारखी.’ चरबीची गाठ पिवळी, लोण्यासारखी असते. कापलेल्या सारकोमाला पॅथॉलॉजीच्या पुस्तकांत माशाच्या मांसाचीच उपमा देतात, आणि तुम्ही ते पुस्तक न वाचता लिहिलंय. शपथपत्रात हे वाक्य तुमच्याच शब्दांत जाईल. कुणी ते ‘सुधारून’ वैद्यकीय भाषेत लिहू म्हणालं तर लिहू देऊ नका.

भरपाई किती मिळेल, हे सांगत नाही. ती गाठ पहिल्या दिवसापासून कॅन्सरची होती, डॉक्टरांनी ती दिलेली नाही. त्यांच्यामुळे गेलेले सतरा महिने आणि पहिल्याच खेपेला नीट ऑपरेशन होण्याची संधी, एवढंच आपण मागू शकतो. पाय त्यामुळेच गेला का, यावर दोन डॉक्टर दोन मतं देतील. आज सारकोमाच्या बहुतेक रुग्णांचा हातपाय वाचवता येतो, हे आपल्या बाजूचं. टाटाच्या डॉक्टरांनी पहिल्या डॉक्टरांविरुद्ध लिहून द्यावं अशी अपेक्षा धरू नका, त्यांना गळही घालू नका. त्यांचे रिपोर्ट आणि ऑपरेशनच्या नोंदी पुरेशा बोलतात. तुमच्या दिरांनी सुचवलेल्या पोलिस तक्रारीचा विचार आत्ता सोडा. फौजदारी हलगर्जीपणाची कसोटी २००५ पासून फार कडक आहे, तिच्यामागे हे दोन आठवडे जातील. मेडिकल कौन्सिलकडची तक्रार वेगळी, ती नंतर पाहू.

तक्रारदार यजमान असतील, तुम्ही नव्हे. सह्या त्यांच्या लागतील. तक्रार इंदूरच्या जिल्हा उपभोक्ता आयोगातच होईल. नर्सिंग होमला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत आहे, त्यामुळे फी नाही. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते, पण पोर्टलवर शेवटच्या दिवशी विसंबू नका. मी २२ सप्टेंबर, घटस्थापनेचा सोमवार, हीच शेवटची तारीख धरून चाललोय. सोबत विलंब माफीचा अर्जही जोडू. आपल्या मते विलंब झालेलाच नाही, पण आयोगाने डिसेंबर २०२२ ची तारीख धरली तर हा अर्ज नसताना दार बंद होतं. त्यात मध्यस्थीचा काळ तारखांसकट लिहायचा आहे, म्हणून मामंजींचे डॉक्टरांना गेलेले व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नका.

निकाल कधी, असंही विचारलंय. कायदा सांगतो तीन महिने. माझं एक प्रकरण सातव्या वर्षी निकाली निघालं, तोवर तक्रारदार वारले होते आणि भरपाईच्या चेकवर त्यांच्या मुलाचं नाव आलं. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, पीथमपूरच्या कारखान्याच्या पगाराच्या स्लिपा, कृत्रिम पायाची बिलं अशी जपा की सात वर्षांनीही एका फाइलीत सापडतील.

परवा कागद घेऊन या. यजमानांना जिना चढायला लावू नका, मी खाली येईन. डिसेंबरच्या चिठ्ठीच्या तीन झेरॉक्स काढा आणि मूळ चिठ्ठी साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. तिला पंच करू नका, स्टेपल करू नका, आणि जपायची म्हणून लॅमिनेट तर मुळीच करू नका.