फार्मसीच्या पदवीत एवढं शिकण्यासारखं काय असतं? शेवटी चिठ्ठी वाचून गोळ्याच द्यायच्या ना?

हा प्रश्न मी बाहेरच्यांपेक्षा घरातच जास्त ऐकलाय. माझा चुलतभाऊ चारचौघांत म्हणायचा, "गोळ्या मोजायला पदवी कशाला लागते?" म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी तिसऱ्या वर्षाला असताना मोठ्या काकांना पक्षाघात झाला. गिळताना ठसका लागायचा, म्हणून घरचे सगळ्या गोळ्या कुटून पाण्यातून द्यायचे. त्यात रक्तदाबासाठी निफेडिपिन होती, दिवसातून एकदा घ्यायची, हळूहळू औषध सोडणारी. पाकीट बघताच मी म्हटलं, ही कुटायची नाही. भाऊ म्हणाला, "पोटात जाऊन चुराच होणार आहे ना तिचा?"

नाही होत. निफेडिपिनचं अर्धायुष्य साधारण 2 तास, म्हणजे तेवढ्या वेळात रक्तातलं औषध निम्म्यावर येतं. साधी गोळी दिली तर दिवसातून तीन-चारदा द्यावी लागेल आणि रक्तदाब सारखा वरखाली होत राहील. म्हणून या गोळीत औषध बऱ्याचदा पॉलिमरमध्ये अडकवलेलं असतं. पाणी लागलं की पॉलिमर फुगून त्याचा जेल होतो आणि औषध त्यातून थोडं थोडं झिरपत दिवसभर पुरतं. गोळी कुटली की ही सगळी रचना मोडते आणि दिवसभराचा डोस एकदम अंगावर येतो. नुकताच पक्षाघात झालेल्या माणसाचा रक्तदाब असा धाडकन कोसळला तर मेंदूला रक्त कमी पडतं. शिवाय निफेडिपिन उजेडात खराब होतं, आणि आमच्याकडे ते कुटून वाटीत भिजत ठेवलेलं असायचं.

काकूने माझं ऐकलं आणि लगेच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी अ‍ॅम्लोडिपिन दिली. दोन्ही औषधं एकाच रासायनिक कुळातली, पण अ‍ॅम्लोडिपिनचं अर्धायुष्य 30 ते 50 तास. तो रेणूच शरीरातून सावकाश बाहेर पडतो, त्यामुळे साधी गोळी दिवसातून एकदा पुरते आणि कुटली तरी काही बिघडत नाही.

आम्ही शिकतो ते हेच. रेणूची रचना औषधी रसायनशास्त्रात येते. रक्तवाहिनीच्या पेशीत शिरणारं कॅल्शियम तो कसा अडवतो, हे फार्माकॉलॉजीत. अर्धायुष्याची गणितं फार्माकोकायनेटिक्समध्ये, गोळीची बांधणी फार्मास्युटिक्समध्ये. वनस्पतींपासूनची औषधं, सूक्ष्मजीवशास्त्र, कायदा हे विषयही असतात. प्रॅक्टिकलला 37 अंशांवरच्या 900 मिली द्रावणात गोळी सोडायची आणि ठरावीक वेळाने नमुने काढून किती औषध विरघळलं ते मोजायचं. कंटाळवाणं वाटतं, पण गोळी पोटात काय करेल याचा अंदाज तिथेच येतो.

औषध चांगलं असलं की झालं, असं वाटणाऱ्यांनी 1937 साली अमेरिकेत काय झालं ते वाचावं. सल्फानिलामाइड हे उपयोगी औषध पातळ स्वरूपात देता यावं म्हणून डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं. हा द्रावक विषारी आहे. विषारीपणाची चाचणी न करताच ते बाजारात आलं आणि 100हून अधिक माणसं दगावली, त्यात कितीतरी मुलं होती. विक्रीआधी औषध सुरक्षित असल्याचा पुरावा द्यायला लावणारा कायदा त्यानंतर, 1938 मध्ये झाला.

भावाने अजूनही शब्द मागे घेतलेला नाही. त्याचं एक म्हणणं मला मान्य आहे, नुसतं पाठांतर करून पास होणारे आमच्यात पुष्कळ आहेत. पण मन लावून शिकणाऱ्याची किंमत त्यांच्यावरून का ठरवायची? गोळ्या मोजणं हे कामही क्षुल्लक नाही. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच द्यायचं असतं, ते चुकून रोज दिलं गेलं की माणूस मरू शकतो. काउंटरमागच्या माणसाला हे माहीत नसेल तर पुढे ते कोण पकडणार?

तुम्ही प्रवेशाच्या विचारात असाल तर, रसायनशास्त्र आणि आलेख नकोसे वाटत असतील तर येऊ नका. दुसरीकडे नंबर लागला नाही एवढ्याच कारणासाठीही नको.

आणि हो, वरचं वाचून घरातल्या गोळ्या परस्पर बदलू नका. हळू औषध सोडणाऱ्या काही गोळ्या मधल्या रेषेवर अर्ध्या केलेल्या चालतात, पण त्याही कुटायच्या नसतात. कुणाला गिळता येत नसेल तर पाकीट घेऊन फार्मासिस्टकडे जा आणि कुटण्याआधी विचारा.