भूगोलाची पदवी आणि वस्त्यांमधले हवामानाचे काम

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली कन्या भूगोलाच्या पदवीच्या अखेरच्या वर्षात आहे, पूर आणि उष्णतेचा फटका ज्या शहरी वस्त्यांना आधी बसतो तेथील रहिवाशांबरोबर काम करण्याची तिची इच्छा आहे, आणि ही समाजसेवा म्हणावी की व्यवसाय, असा आपला प्रश्न आहे. हा व्यवसाय आहे. मात्र केवळ तळमळीच्या बळावर यात उतरलेली मुले लवकर थकतात, म्हणून तिच्या हाती एखादे पक्के कौशल्य असणे मला अत्यावश्यक वाटते.

भूगोल म्हणजे गुण कमी पडल्यावर घ्यायचा विषय, अशी समजूत पुष्कळ घरांत असते. या क्षेत्रात मात्र तोच पाया उपयोगी पडतो. टांझानियातील दार-ए-सलाम येथे 2015 मध्ये ‘रमानी हुरिया’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात विद्यापीठातील विद्यार्थी आणि स्थानिक रहिवासी यांनी मिळून पूरप्रवण वस्त्यांतील घरे, रस्ते आणि नाले ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशावर नोंदवले. अशा कामात नाल्याची रुंदी आणि खोली टेपने मोजावी लागते, तो कोठे तुंबतो हे पाहावे लागते आणि मागच्या पुरात पाणी भिंतीवर कुठवर चढले होते, हे तेथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या माणसाला विचारून जमिनीपासूनची उंची टिपावी लागते. उपग्रहाच्या छायाचित्रात ही शेवटची नोंद बहुधा सापडत नाही, आणि नाल्याचे काम कोठून सुरू करावे हे ठरवताना नेमकी तीच लागते.

उष्णतेची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत रात्री किती उकडते, हे शहराच्या हवामान केंद्रावरील आकड्यावरून कळत नाही. जुलै 1995 मधील शिकागोच्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली, त्यांत एकटे राहणारे वृद्ध मोठ्या संख्येने होते. आणि पुढील अभ्यासांत असे दिसले की सारख्याच गरिबीच्या, शेजारशेजारच्या वस्त्यांतही मृत्यूंचे प्रमाण बरेच वेगळे होते. जेथे शेजारपाजार जागता होता आणि रस्त्यावर वर्दळ होती, तेथे माणसे अधिक वाचली. अहमदाबादने 2010 च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा आखला. अशा आराखड्यातला इशारा एकट्या वृद्धापर्यंत पोहोचवणे, हे शेवटी त्याच्या दारावर थाप मारू शकणाऱ्या माणसाचेच काम असते.

आता ‘लोकसहभाग’ या शब्दाविषयी थोडे स्पष्ट लिहितो, कारण नोकरी निवडताना तिला येथेच पारख करावी लागेल. शेरी आर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासिकेने 1969 मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली; तिच्या तळाशी लोकांना केवळ गुंडाळणे आहे, मधल्या पायऱ्यांवर त्यांचे म्हणणे ऐकून घेणे आहे आणि सर्वांत वर निर्णयाचा अधिकार आहे. बऱ्याच प्रकल्पांची गाडी मधल्या पायऱ्यांवरच अडते. मुलाखतीला गेल्यावर तिने एकच प्रश्न जरूर विचारावा: रहिवाशांच्या सांगण्यावरून तुमच्या आराखड्यात नेमका कोणता बदल झाला? उत्तरात सभांची आणि हजेरीची संख्या आली, तर काय ते समजून घ्यावे.

नोकऱ्या महानगरपालिकांचे आपत्ती व्यवस्थापन विभाग, नियोजन सल्लागार कंपन्या, संशोधन संस्था आणि स्वयंसेवी संस्था यांत मिळतात. आपली काळजी अनाठायी नाही. यांतील पुष्कळ कामे प्रकल्पाच्या मुदतीशी बांधलेली असतात, निधी संपला की करारही संपतो. म्हणून नगर नियोजन, सार्वजनिक आरोग्य किंवा भूमाहितीशास्त्र (संगणकावर नकाशे आणि जागेची माहिती हाताळण्याचे शास्त्र) यांपैकी एका विषयात पदव्युत्तर पदवी घ्यावी, असे मी सुचवेन. निव्वळ ‘हवामान बदल’ एवढ्याच नावाचा अभ्यासक्रम घेण्यापूर्वी त्यात क्षेत्रकार्य किती आहे, ते तपासावे.

सध्या तिने ‘क्यूजीआयएस’ हे नकाशे तयार करण्याचे मोफत सॉफ्टवेअर शिकून घ्यावे आणि पदवीच्या प्रकल्पासाठी एक वस्ती आणि एकच धोका निवडावा. नकाशा तयार झाल्यावर तो घेऊन पुन्हा त्याच लोकांकडे जावे, चुका त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्याव्यात आणि आधीची व नंतरची अशा दोन्ही प्रती जपून ठेवाव्यात. मुलाखतीत गुणपत्रिकेच्या जोडीला तिने या दोन्ही प्रती पुढे ठेवाव्यात.

आपला,
करिअर समुपदेशक