खरं बोललो, मग काका गप्प का झाले?

प्रिय 'स्पष्टवक्ता',

(हे नाव तूच घेतलंयस हां, मी नाही दिलेलं.)

बाकीच्यांना कळावं म्हणून तुझं पत्र थोडक्यात सांगते. पुण्यातला हौशी फोटोग्राफर्सचा ग्रुप, चाळीसेक जण, रविवारी कुठेतरी फोटोवॉक. त्यात एक काका आहेत, बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी दिवाळीत लांबचे पक्षी टिपणारी १५०-६०० ची झूम लेन्स घेतली आणि जानेवारीत भिगवणला जाऊन आयुष्यात पहिल्यांदा फ्लेमिंगो टिपले, वर नुसतं 'आज सकाळी, भिगवण' एवढं लिहून फोटो ग्रुपवर टाकला. खाली 'अप्रतिम काका', 'क्या बात', अंगठे, फुलं. आणि मग तू लिहिलंस, 'होरायझन वाकडा, हायलाइट्स उडालेत, पक्षी सॉफ्ट. टाकण्याआधी फोटो निवडायला शिका.' (म्हणजे क्षितिजाची रेघ तिरकी, उजळ भाग नुसतेच पांढरेफटक, पक्षी धूसर.) महिना झाला, काकांनी एकही फोटो टाकलेला नाही, बाकीचे तुझ्याशी तुटक बोलतात, आणि तू मला विचारतोयस की ताई, यातलं खोटं काय होतं?

खोटं फारसं काही नव्हतं रे. एक सोडून. पक्षी सॉफ्ट आहे हे तू कशावर बघून ठरवलंस? व्हॉट्सअॅपवर. ते फोटो किती चेपतं हे तुला मी सांगायला नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच मूळ फाइल जाते. म्हणजे बोटाएवढ्या स्क्रीनवर, चेपलेल्या फाइलमध्ये तू शार्पनेस तपासलास आणि निकालही देऊन मोकळा झालास.

आता होरायझन. भिगवणला पक्षी बघायला नेतात त्या होडीत तू बसलायस ना कधी? उजनी धरणाचं पाणी, पहाटेची थंडी, शेजारचा माणूस नुसता उठला तरी होडी एका बाजूला कलते आणि हातात जवळपास दोन किलोची लेन्स. होरायझन वाकडा येणारच, आणि घरी येऊन दहा सेकंदांत सरळही होतो. त्यात सांगण्यासारखं काही नाहीये. सांगण्यासारखं होतं ते हायलाइट्सबद्दल, कारण पांढरट पक्षी आणि मागे काळपट पाणी असलं की कॅमेरा पाण्याला भुलतो, उजेड वाढवतो आणि पिसं जळतात. 'काका, पुढच्या वेळी एक्स्पोजर मायनस ०.७ ला ठेवून बघा, आणि उडताना घ्यायचा असेल तर शटर १/१६०० च्या खाली नको, आयएसओ वाढला तर वाढू दे' (म्हणजे उजेड जरा कमी, शटर झटकन, आणि सेन्सरची संवेदनशीलता वाढली तरी चालेल) एवढं लिहिलं असतंस तर काकांनी ते वहीत उतरवून घेतलं असतं, बँकेतली माणसं तशीच असतात. तू जे लिहिलंस त्यातल्या तीन गोष्टी फोटोबद्दल होत्या आणि चौथी, 'निवडायला शिका', ती काकांबद्दल होती. त्यांच्या लक्षात तेवढीच राहिली असणार.

आणि मुळात त्यांनी विचारलं होतं का? तुमच्या ग्रुपवर ज्याला टीका हवी तो फोटोखाली 'सीसी' लिहितो म्हणालास. काकांनी लिहिलं नव्हतं. त्यांना फक्त दाखवायचं होतं, नातवाचा फोटो दाखवतात ना तसं.

'अप्रतिम'वाल्यांवरचा तुझा राग मात्र मला कळतो. चाळीस 'अप्रतिम' वाचून कुणाला काहीही शिकायला मिळत नाही, उलट पुढचे दहा फोटो तसेच येतात. पण त्यांच्यावरचा राग काकांवर कशाला?

माझं सांगते. नव्वदच्या दशकात मी एका क्लबमध्ये जायचे, प्रिंट स्टँडवर लावायच्या आणि परीक्षक सगळ्यांसमोर बोलायचे. मी मंडईतल्या लिंबंवाल्या बाईचा ब्लॅक अँड व्हाइट लावला होता, परीक्षक म्हणाले, 'हे इथे का लावलंय?' आणि पुढे गेले. बस्स. पीएमटीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडत घरी आले मी. पुढच्या आठवड्यात क्लबमधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तीच प्रिंट परत आणायला लावली, एल आकाराचे दोन काळे पुठ्ठे काढले, विचारलं, 'तू कशाला बघून थांबलीस?' म्हटलं, तिच्या हातांना. ते काही बोलले नाहीत, फक्त प्रिंटवर पुठ्ठे सरकवून कडा झाकत गेले, आधी वरचा बल्ब गेला, मग पाटी, मग चक्क तिचा चेहरा, आणि शेवटी लिंबं आणि दोन हात उरले. टीका दोघांनीही केली, पण त्या पुठ्ठ्यांमुळे मी पुढची दहा वर्षं फोटो काढले.

आता तुझ्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदाकडे येते, जो तू बहुतेक सहज लिहून गेलास. कासच्या तुझ्या फोटोवर कुणीतरी म्हणालं की तेरड्याचा गुलाबी राणी कलर झालाय, तर तू उत्तर दिलंस, 'तुझा मॉनिटर कॅलिब्रेट कर', म्हणजे तुझ्याच स्क्रीनचे रंग चुकलेत. मी खूप हसले. अरे, स्पष्टवक्त्याला स्पष्ट ऐकवत नाही होय? तेरडा गुलाबी असतो, कबूल, पण पैठणीइतका नाही. असं कुणी बोललं की त्या दिवशी 'बघतो' एवढंच लिहायचं, दुसऱ्या दिवशी मूळ फाइल शेजारी उघडून बघायचं. पटलं नाही तर दे सोडून, सगळं ऐकायलाच हवं असं नाही, काही लोकांना नुसताच सॅच्युरेशनचा, म्हणजे गडद रंगांचा, तिटकारा असतो.

काकांना मेसेज नको, फोन कर. माफीचं भाषण नको. 'शेवटचं वाक्य मी लिहायला नको होतं' म्हण, आणि तेच ग्रुपवरही एका ओळीत लिही, कारण बोललास चारचौघांत. मग त्यांच्याकडून मूळ फाइल मागव आणि मोठ्या स्क्रीनवर बघ. पक्षी शार्प निघाला तर तेही ग्रुपवर कबूल कर. सॉफ्टच निघाला तर गप्प बस, येत्या रविवारी पहाटे साडेचारला काकांना गाडीत घे, भिगवणजवळच्या कुंभारगावला जा, आणि होडीत पुढची जागा त्यांना दे.

तुझी,
ताई