ग्रीन कार्नेशन या बँडचा इतिहास थोडक्यात काय आहे?

नॉर्वेतल्या क्रिस्टियानसान शहरात १९९० साली गिटारवादक चॉर्टने हा बँड सुरू केला, तेव्हा तो साधा डेथ मेटल बँड होता, म्हणजे जड गिटार आणि गुरगुरता आवाज. लवकरच चॉर्ट 'एम्परर' या दुसऱ्या नॉर्वेजियन मेटल बँडमध्ये बास गिटार वाजवायला गेला आणि उरलेल्यांनी 'इन द वुड्स' हा बँड उभा केला. नव्वदच्या दशकाअखेरीस चॉर्टने ग्रीन कार्नेशन पुन्हा जमवला. पहिला अल्बम २००० साली आला.

पण खरी ओळख २००१ च्या 'लाइट ऑफ डे, डे ऑफ डार्कनेस'ची. अख्खा अल्बम म्हणजे एकच गाणं, तासभराचं! चॉर्टची मुलगी गेली, नंतर मुलगा झाला. ते दुःख आणि तो आनंद दोन्ही यात आहेत. साधारण मध्यावर जड गिटार थांबतात आणि सॅक्सोफोनसोबत एक बाई शब्दांविना गाते, जवळजवळ विव्हळते. गॉथिक मेटलमध्ये, म्हणजे उदास, गडद सुरांच्या मेटलमध्ये, इतकं उघडं दुःख मी क्वचितच ऐकलंय. गायक केटिल नॉर्डहुसचा स्वच्छ आवाजही इथे फार शोभतो.

पुढचे अल्बम रॉककडे झुकले, २००६ चा तर पूर्ण अकूस्टिक. २००७ मध्ये बँड थांबला, २०१४ मध्ये परतला आणि २०२० मध्ये 'लीव्ह्ज ऑफ येस्टरइयर' आला. सुरुवात मात्र २००१ च्या अल्बमपासूनच करा, आणि तो सलग ऐका.